साहेबांच्या केकचे चौदा तुकडे

नौपाडा, ठाणे

चिरंजीव बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहून काढते. नोकरीला लागून तीन महिने झाले नाहीत, तोवर साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाची सगळी व्यवस्था तुझ्या गळ्यात पडली. महापेतलं अकरा माणसांचं ऑफिस, माणशी ५०० रुपये काढायचे, केक, बुके, फुगे, शिवाय एक भारीतलं घड्याळ. आणि एवढ्या सगळ्यात तू मला विचारलंस काय, तर केक एगलेस घ्यायचा की साधा.

एगलेस घे. झालं. आता जे विचारलं नाहीस त्याकडे येते.

आधी तारीख. पॅन कार्डाच्या झेरॉक्सवर १ जून आहे असं लिहितेस. वाचून मला हसूच आलं. आपल्याकडे अख्ख्या पिढ्यांचे वाढदिवस १ जूनला आहेत. आईबापांना नक्की तारीख ठाऊक नसायची, 'भाताच्या लावणीच्या वेळचा' एवढंच सांगायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग गुरुजी वय बसेल असं साल बघून १ जून टाकून मोकळे. दाखल्यावर ती तारीख चढली की पुढे सगळ्या कागदांवर तीच. माझ्या सासऱ्यांची १ जून, त्यांच्या दोन्ही भावांची १ जून, फक्त सालं वेगळी. तिघेही त्या दिवशी शुभेच्छांचे फोन घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर एकमेकांकडे बघून हसायचे. तुमचे साहेब खेड्यात शिकलेले आहेत असं तूच मागे म्हणाली होतीस. तेव्हा केकची ऑर्डर देण्याआधी चौकशी कर. खरी तारीख वेगळी असेल, किंवा घरी तिथीने करत असतील, किंवा त्यांना ऑफिसात हे सगळं नकोच असेल.

चौकशी साहेबांकडे नाही करायची. ऑफिसातलं सगळ्यात जुनं माणूस कोण, ते बघ. नाहीतर त्यांचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला जे माहीत असतं ते घरच्यांनाही नसतं. त्यांनाच आणखी एक विचारून ठेव: घरात वर्षभरात कुणी गेलंय का? आमच्याकडे एकदा सगळी तयारी झाली, मेणबत्ती लावली, टाळ्या सुरू झाल्या, आणि साहेब सुरी हातात धरून नुसते उभे. मग हळूच म्हणाले, 'अण्णांचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून.' आमचं मन राखायला त्यांनी केक कापला खरा, पण तोंडाला लावला नाही. आम्हीही मग कागदी बशा हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहिलो. गावाला जाऊन आले होते, केस उतरवलेले होते, सगळ्यांनी बघितलं होतं. पण तोपर्यंत केस परत आले होते ना, विसरलो.

आता पैशाचं. ह्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ह्यात चूक मी स्वतः केली आहे.

२००६ची गोष्ट. वागळे इस्टेटमधलं एक छोटं ऑफिस, आम्ही नऊ जण, अकाउंट्स आणि पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, माझ्याकडे. माणशी १०० रुपये ठरले. मी रेघांच्या कागदावर यादी केली: नाव, रक्कम, पुढे टिक मारायला चौकोन. आणि ती यादी फिरवायला दिली कुणाकडे, तर आमच्या मामांकडे. मामा म्हणजे चहा देणारे, टेबलं पुसणारे, बँकेत चेक भरून येणारे. ते एकेका टेबलापाशी जाऊन उभे राहायचे, समोरचा पाकिटातून नोट काढायचा, मामा टिक करून घ्यायचे. शेवटचं नाव त्यांचं स्वतःचंच होतं. ८०० रुपये माझ्या हातात ठेवले, मग शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेली एक शंभराची नोट काढली, ती उलगडून वर ठेवली आणि माझ्यासमोर स्वतःच्या नावापुढे टिक केली.

त्याच दिवशी चार वाजता चहाचे कप गोळा करताना मामा माझ्या टेबलापाशी थांबले. 'ताई, तीनशे रुपये उचल मिळेल का? सिलिंडर संपलाय घरी.' मी व्हाउचर केलं, त्यांनी सही केली, पैसे दिले. ते गेल्यावर बघते, तर डाव्या हाताला पेपरवेटखाली वाढदिवसाची यादी आणि उजव्या हाताला ते व्हाउचर. दोन्ही अक्षरं माझीच. तरीसुद्धा मी ते १०० रुपये परत केले नाहीत. यादी साहेबांच्या केबिनमध्ये जाणार होती, एक टिक कमी दिसली तर मामांनाच वाईट वाटेल, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर हिशोब परत मांडायचा मला कंटाळा आला होता.

त्या ९०० रुपयांत पेनांचा सेट आणि केक आला. दिवाळीच्या साफसफाईत तो सेट मला स्टेशनरीच्या ड्रॉवरमध्ये सापडला, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. साहेबांचा दोष नाही. त्यांच्याकडे असे सहा सेट असतील.

म्हणून म्हणते, ५०० रुपये हा आकडा कुणी काढला ते आधी बघ. बहुतेक ज्याचा पगार साहेबांच्या खालोखाल आहे त्यानेच. तुमच्या ऑफिसबॉयला महिन्याला किती मिळतात ते तुला माहीत नसेल, पण अंदाज करता येईल. 'ज्यांना द्यायचे त्यांनी द्या' असं म्हणून काही होत नाही. यादी फिरत असताना आणि पगार साहेब ठरवत असताना 'मी नाही देत' म्हणणारा मला तरी तीस वर्षांत भेटला नाही. सरकारी नोकरीत तर भेटवस्तू घेण्याबाबत नियमच आहेत, १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम. आमचे हे दिवाळीत कुणी मिठाईचा पुडा आणला तरी दारातूनच परत पाठवायचे आणि मी आतून चरफडायची. खाजगी ऑफिसात असं काही लिहिलेलं नसतं, तिथे आपणच समजून घ्यायचं.

तू नवीन आहेस, 'वर्गणी नको' असं थेट म्हणता येणार नाही, हे मला कळतं. सगळ्यांसमोर बोलूच नकोस. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठ आणि साळसूदपणे विचार, 'सर, केकचा खर्च पेटी कॅशमधून स्टाफ वेल्फेअरला टाकता येईल का? म्हणजे सगळ्यांच्याच वाढदिवसाला तेवढाच केक आणता येईल.' दुसरं वाक्य विसरू नकोस, खरी गोम त्यातच आहे. साहेबांना एक किलो आणि ऑफिसबॉयला कॅडबरी, असं नको. अकाउंट्सवाले नाहीच म्हणाले तर घड्याळ रद्द कर आणि माणशी जास्तीत जास्त ५० रुपयांवर आण. यादी करू नकोस. एक पाकीट ठेव, ज्याला जेवढे टाकायचे तेवढे टाकू दे. ऑफिसबॉयला मात्र सांग, 'तू आणि मी आणायच्या कामात आहोत, आपले पैसे नाहीत.' म्हणजे तुलाही द्यायला नकोत, आणि त्याला एकट्याला वगळल्यासारखंही वाटणार नाही.

खरं तर पूर्वी हे उलटं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा ज्याचा वाढदिवस तो पेढे आणायचा. साहेबांचा असला की समोसा, वेफर्स आणि पेढा, अशी बशी प्रत्येकाच्या टेबलावर यायची, आणि आपण फक्त केबिनच्या दारातून 'सर, वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणायचं. केक आला तसा खर्च खालच्यांकडे आला. कधी झालं ते कळलंच नाही.

भेट द्यायचीच असेल तर सगळ्यांची मिळून एक, आणि अशी की साहेबांना तिची परतफेड करावीशी वाटू नये. आमच्याकडे एका वर्षी प्रत्येकाने साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या होत्या, मी त्यांची स्पायरल करून आणली. मामांनी लिहिलं होतं, 'साहेब, चहात साखर कमी करा.' ते पान साहेबांनी काचेखाली ठेवलं होतं. आपण वेगळं काही न्यायचं नाही, अत्तर तर नाहीच, शर्टपीसही नाही. शाल-श्रीफळही नको, माणूस रिटायर झाल्यासारखा दिसतो. आणि स्टेटसला साहेबांचा फोटो टाकून खाली 'दमदार नेतृत्व' लिहू नकोस गं. तेवढ्यासाठी तीन हात नाक्यावरचे फ्लेक्स पुरेसे आहेत.

केक भरवण्याचंही सांगते, हे तुला कुणी सांगणार नाही. केक कापला की कुणीतरी हमखास ओरडतं, 'भरवा, भरवा', आणि सगळ्यांचे डोळे ऑफिसातल्या मुलींकडे वळतात. आपण साहेबांच्या तोंडात घास घालायचा नाही आणि साहेबांनी आपल्या तोंडात घालायचा नाही. भांडण करायची गरज नाही. कापायच्या आधीच बशा आणि चमचे हातात घेऊन उभी राहा, पहिला तुकडा निघाला की बशीत घाल आणि 'सर, घ्या' म्हणून पुढे कर. हातात बशा असलेल्या माणसाला कुणी भरवायला सांगत नाही. मी वीस वर्षं हेच केलं. तोंडाला क्रीम फासायचं तर नावच काढू देऊ नकोस. तो फोमचा स्प्रे कुणी आणला तर डबा काढून घे. त्यात बहुतेक वेळा पेट घेणारा वायू असतो, आणि समोर मेणबत्ती जळत असते.

एक नाजूक गोष्ट. हे काम तुझ्याकडेच का आलं? नवीन म्हणून, आणि मुलगी म्हणून. ह्या वेळी कर, नीट कर. पण संपल्यावर लगेच, त्याच दिवशी, हसत हसत पुढच्या वाढदिवसाचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लावून टाक. सगळ्यांसमोर, तोंडात केक असताना. नाहीतर पाच वर्षांनी अप्रेझलमध्ये तुझ्याबद्दल एवढंच म्हणतील की ही केक छान आणते. माझ्याबद्दल म्हणायचे. ताळेबंद मी जुळवायची, पण ते कुणाच्या लक्षात नसायचं.

बाकी किरकोळ. केक ठाण्याहून नेऊ नकोस, सकाळच्या वाशी लोकलमध्ये त्याचं पिठलं होईल. घणसोलीला उतरून तिथूनच घे. एक किलोत तुमचं भागतं. उपास कुणाकुणाला आहेत ते कॅलेंडर बघून ठरव आणि त्यांच्यासाठी बटाट्याचे वेफर्स वेगळे काढून ठेव. शुभेच्छा रात्री बाराला पाठवू नकोस, सकाळी नऊनंतर एक ओळ पुरे. सुरी विसरू नकोस. आम्ही एकदा स्टीलच्या फूटपट्टीने केक कापला आहे.

आणि तुकडे अकरा नव्हे, चौदा कर. एक खाली गेटवरच्या वॉचमनला, त्याला वर बोलवू नकोस, जागा सोडून येता येत नाही त्याला, तू नेऊन दे. एक चारला येणाऱ्या चहावाल्या पोराला. आणि एक झाडूपोछा करणाऱ्या मावशींचा. त्या सकाळी नऊला येऊन अकराला जातात, केक कापाल तेव्हा त्या नसणार. त्यांचा तुकडा सगळ्यात आधी काढ, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव आणि डब्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर सहा वाजेपर्यंत कुणीतरी तो खाऊन टाकतंच.

तुझी,
अकाउंट्सवाली ताई