व्हिसेरा आपोआप पुढे जात नाही

ताई, भाऊ जाऊन इतके महिने झाले, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टवर मृत्यूच्या कारणाबद्दल अजून ‘मत राखून ठेवले’ एवढंच आहे आणि विमा कंपनी अंतिम कारण मागतेय, हे वाचलं आणि आमचं ते वर्ष आठवलं. माझा धाकटा भाऊही मुंबईतच गेला. दारू, वर बटन, म्हणजे नशेसाठी घेतात त्या झोपेच्या गोळ्या. रात्री झोपला तो उठलाच नाही.

पंचनामा, मृत्यू दाखला हे तुमचं झालंच असेल. (दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, तेव्हा बँकेत द्यायला संकोच नको.) खरी गोम व्हिसेराची, म्हणजे पीएमच्या वेळी लॅबच्या तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांची. जो तो म्हणतो, “लॅबचा रिपोर्ट यायचाय, वेळ लागतो.” आम्हालाही पोलीस ठाण्यात तेच ऐकवत राहिले. शेवटी एका हवालदारांना कीव आली, त्यांनी मुद्देमालाचं रजिस्टर आमच्यापुढे फिरवलं. भावाचं नाव, एडीआर (अपघाती मृत्यूची पोलीस नोंद) नंबर, बरण्या किती ते सगळं नीट लिहिलेलं, आणि जावकचा रकाना कोरा! लाखेचं सील मारलेल्या बरण्या तिथेच कपाटात. लॅबला न्यायला शिपाई मोकळा नव्हता म्हणे. आणि इथे माझी वहिनी दोन पोरांची फी कशी भरायची म्हणून रडतेय.

म्हणून ‘रिपोर्ट आला का’ असं विचारूच नका. ‘व्हिसेरा लॅबला पाठवला कधी, जावक क्रमांक काय’ हे विचारा. तोंडी नको, अर्ज द्या, पोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर एसीपींकडे (सहायक पोलीस आयुक्त). रिपोर्ट पोलिसांकडे येतो, मग तो पीएम करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन अंतिम मत मिळतं. हा दुसरा टप्पाही तुम्हालाच ढकलावा लागेल.

‘ओळखीच्या डॉक्टरकडून हार्ट अटॅक लिहून घ्यायचं होतं’ असं सांगणारे इथेही भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. 2015 साली मुंबईतल्याच मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. दारूत मिथेनॉल हे विष होतं की नाही हे वासावरून कळत नाही, तपासावंच लागतं.

मी वकील नाही, पॉलिसीचा कागद स्वतः वाचा. अपघात विम्यात नशेचं कलम बहुधा असतंच, तिथे फार आशा नको. आयुर्विमा वेगळा. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की ‘दारू पितो हे लपवलं’ म्हणून पॉलिसी नाकारता येत नाही. मात्र बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तीन वर्षं तिथून मोजतात. दावा फेटाळलाच तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही.

विषय सोडून एक. दुसऱ्या भावाला खोलीत कोंडून दारू सोडवणार, असं तुम्ही लिहिलंय. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या काही दिवसांतच फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. दाखल करूनच सोडवा. 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, आजच फोन करा.