वाचकांचे प्रश्न: अवस दर महिन्याला, मग ग्रहण का नाही?

प्रश्न: आमचं सगळं गणित अवस-पुनवेवर चालतं. ग्रहणंही त्याच दिवशी. मग दर अवसेला सूर्यग्रहण का होत नाही? आणि ग्रहणाला उधाण जास्त येतं का?
(एक रापणकर, मालवण)

उत्तर: सावली चुकते म्हणून. शाळेत होतो तेव्हा हा धडा मी व्हरांड्यात घ्यायचो. एका मुलाच्या हातात सोललेला नारळ, बारा सेंटिमीटरचा, ही पृथ्वी. दुसऱ्याकडे सव्वातीन सेंटिमीटरची सुपारी, हा चंद्र. पोरं सुपारी नारळाला जवळजवळ चिकटवूनच उभी राहायची. पुस्तकातल्या आकृत्यांनी केलेला घोळ, दुसरं काय! खरं प्रमाण ठेवायचं तर सुपारीवाल्याला साडेतीन मीटर मागे हटावं लागतं. त्याच मापाने सूर्य चारमजली इमारतीएवढा, तोही जवळपास दीड किलोमीटरवर.

आता चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी तिरकी आहे. त्यामुळे सुपारी चांगली फूटभर वर किंवा खाली जाते आणि तिची सावली नारळाला न शिवताच निघून जाते. प्रत्यक्षात हा चढ-उतार 34 हजार किलोमीटरपर्यंतचा आहे, आणि पृथ्वीचा व्यास जेमतेम 12,742!

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे पंचांगातले राहू-केतू. त्यांना तोंड नाही नि पोटही नाही. साधारण दर 173 दिवसांनी सूर्य त्यातल्या एकाजवळ येतो आणि महिनाभर त्या परिसरात असतो. तेवढ्यात येणारी अवस-पुनवच ग्रहणाची. 7 सप्टेंबर 2025 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण झालं. पाठोपाठ 21 सप्टेंबरला सूर्यग्रहण, ते आपल्याकडे दिसलं नाही. पुढची जोडी थेट 17 फेब्रुवारी आणि 3 मार्च 2026 ला.

उधाणाचं म्हणाल, तर ग्रहण भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या काळात, होऊच शकत नाही, म्हणजे उधाण असणारच. ते किती चढेल हे चंद्र त्या वेळी पृथ्वीच्या किती जवळ आहे यावर जास्त अवलंबून, ग्रहणावर फारसं नाही.

कोकणातून यापुढचं सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर, खंडग्रास. पण त्या दिवशी आषाढी अवस. वर ढग, खाली गटारी, बघणार कोण? त्यापेक्षा 31 डिसेंबर 2028 ची रात्र राखून ठेवा. पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण ग्रासलेला असेल आणि थंडीच्या दिवसांत आभाळही बहुधा मोकळं मिळेल.

प्रश्न: हेलियमचा शोध विजयदुर्गावर लॉकियर साहेबाने लावला, असं लहानपणापासून ऐकतोय. खरं काय?
(एक वाचक, देवगड)

उत्तर: दोन ग्रहणांची गल्लत झाली आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून देशात शिरला हे खरं. पण या शोधात ज्यांची नावं येतात त्यांपैकी फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन तेव्हा गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियरने 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही, हे पुढे त्याच्या लक्षात आलं. तीच हेलियमची रेषा. पृथ्वीवर हेलियम सापडायला 1895 उजाडलं, तेही रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हाती.

लॉकियर विजयदुर्गाला आला खरा, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने तिथे दुर्बिणी आणि कॅमेरे मांडले, जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ या मोहिमेचे असावेत, हेच मला पटतं. दर 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन होतो, तो खुशाल व्हावा. मात्र 22 जानेवारीलाही पोरांना ओट्यांपाशी नेलं, तर लॉकियर खरोखर उभा होता त्या जागी ती उभी राहतील.