कुबडातलं पाणी आणि १,८४० रुपयांचं बिल

प्रश्न : डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि. आम्ही चार मित्र, सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. गणपतीपुळ्याजवळच्या एका परमिट रूममध्ये दर शनिवारी क्विझ असते. जिंकेल त्या टेबलाचं बिल माफ. गेल्या महिन्यात शेवटच्या प्रश्नापर्यंत पुण्याच्या पोरांशी आमची बरोबरी होती. प्रश्न आला, ‘उंट कुबडात काय साठवतो?’ आमचे मास्तर (निवृत्त, शिकवायचे विज्ञानच) म्हणाले, ‘पाणी, लिही.’ मी लिहिलं. खरं तर मला चरबीच वाटत होतं. उत्तर निघालं चरबी. बिल आलं १,८४० रुपये.

आता मास्तर म्हणतात, १०० ग्रॅम चरबी जळली की १०७ ग्रॅम पाणी तयार होतं, म्हणजे साठवलं ते पाणीच, आपला गुण बुडवला. आमचा तांडेल म्हणतो, कुबड राहूद्या, पाण्याची टाकी पोटात असते, लाँचवर असते तशी. चौथा बँकेत होता, तो फक्त बिलाबद्दल बोलतो. तीन शनिवार झाले, मास्तर आणि तांडेल एकमेकांकडे चखण्याची बशीसुद्धा सरकवत नाहीत. तुम्ही निकाल द्या, तो सगळ्यांना मान्य आहे.

ता. क. : पुळ्याच्या किनाऱ्यावरचा उंट खोल पाण्यात नेला तर पोहेल का? ही वेगळी पैज आहे.

– पेन धरणारा, मालगुंड

उत्तर : मास्तरांचा आकडा बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ते पुढचं वाचायचे नाहीत. चरबी जळली की तिच्या वजनापेक्षा थोडं जास्तच पाणी मिळतं. पण मास्तरांनी वहीत जमेची बाजू मांडली आणि खर्चाची कोरी ठेवली. तुमच्या बँकवाल्याला बोलवा, तो हसेल.

चरबी जळायला प्राणवायू लागतो. १०० ग्रॅमला साधारण २०० लिटर. हवेत प्राणवायू पाचवा हिस्सा, आणि आत घेतलेला सगळा काही शोषला जात नाही. म्हणजे हजार लिटरहून बरीच जास्त हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची. वाळवंटातली हवा आत जाते कोरडी ठक्क, बाहेर येते ओलावा घेऊन. हा ओलावा वाचवण्यात उंटाचं नाक फार हुशार आहे, तरी हिशेब तोट्यातच जातो. पाण्यासाठी चरबी जाळत बसणारा उंट तहानेनेच मरेल. कुबड आहे ते उपाशी दिवसांसाठी. चांगल्या खात्यापित्या उंटाच्या कुबडात ३५ किलोपर्यंत चरबी असते. ती सगळी पाठीवर एका जागी का, तर अंगभर पसरली असती तर भर मे महिन्यात गोधडी पांघरून फिरल्यासारखं झालं असतं. पाठीवर गाठोडं बांधलं की बाकीचं अंग उष्णता सोडायला मोकळं.

नोकरीत असताना उंट माझ्या वाट्याला दोनदाच आला. कोकणातल्या ढोरांच्या डॉक्टरचं आयुष्य गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातं. एका मे महिन्यात किनाऱ्यावरचा उंटवाला बोलवायला आला, म्हणाला कुबड एका अंगाला कललंय. जाऊन पाहिलं तर भर दुपारी वाळूत बसवलेला उंट, गळ्यात घुंगरं, पाठीवर आरशांची झूल, झुलीवर कुणाच्या तरी पोराने सांडलेलं आइस्क्रीम आणि त्यावर माश्या. झूल उतरवून कुबडाला हात लावला. पुस्तकात सगळं वाचलेलं असूनही मनात कुठेतरी होतं की पखालीसारखं डुचमळेल. डुचमळलं नाही. वापरून वापरून कापूस बसलेली उशी धरावी तसं लागलं, आणि हात काढला की परत डावीकडे लवंडलं.

पाणी किती पाजतोस म्हणून विचारलं. बिचारा जवळच्या विहिरीवरून कळशा भरभरून आणत होता, पाण्याला कमी नव्हती. खायला काय, तर भाताचा पेंढा. गावी बाभळीचा, खेजडीचा पाला ओरबाडून खाणारं जनावर ते! इथे दिवसभर पोरं मिरवायची आणि रात्री पेंढा चघळायचा. पेंड सुरू करायला सांगितली, फणसाचा पाला दाखवला. पहिले दोन दिवस त्याने पाल्याकडे माझ्याकडे बघावं तसं बघितलं, मग खायला लागला. मृगाच्या आधी उंटवाला घाटावर निघाला तेव्हा कुबड पुरतं ताठ नव्हतं, पण सावरलं होतं. मास्तर, पाणी भरपूर असून कुबड पडलं आणि पेंडीने उभं राहिलं.

आता तांडेल. तुझी टाकी जुनी आहे रे, अगदी प्राचीन काळापासून लोक तेच म्हणत आलेत. उंटाच्या पोटात लहान लहान पिशव्यांसारखे कप्पे असतात, त्यावरून ही समजूत झाली. क्नूट श्मिट-नीलसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये सहारात, अल्जेरियातल्या बेनी अब्बासला मुक्काम ठोकून उंट तपासले. पोटातलं पाणी हे चघळलेल्या पाल्यातलं, पाचकरसातलं. इतर रवंथ करणाऱ्या जनावरांत असतं तसंच. राखीव टाकी कुठेच नाही.

मग उंट जगतो कसा? काटकसरीने. घामच उशिरा गाळतो. आपल्याला १०० फॅरनहाइट झाला की पांघरूण आणि पेज. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंश सेल्सियसवर असतं आणि दुपारी ४० च्या पुढे चढतं. दिवसाची उष्णता अंगात मुरवायची आणि रात्री गार हवेत सोडून द्यायची. मूत्र काकवीसारखं दाट, लेंड्या इतक्या कोरड्या की लगेच चुलीत घालाव्यात. एवढं करूनही पाणी जातंच, पण वजनाच्या चौथा हिस्सा पाणी गेलं तरी तो उभा असतो. माणूस त्याच्या निम्म्यावरच आटोपतो. आणि पाणी दिसलं की १० मिनिटांत १०० लिटर पितो. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात, पाण्याने फुगून दुपटीहून मोठ्या झाल्या तरी फुटत नाहीत. तांडेल, इथे तुझी चूक बघ : तो पुढच्या सफरीसाठी टाकी भरत नाही, झालेली तूट भरून काढतो. बंदराला लागल्यावर खलाशी जेवतात ना, तसं.

ता. क.चं : कच्छमध्ये खाराई नावाची उंटाची जात आहे, २०१५ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ते उंट खाडी पोहून जातात आणि बेटांवरची तिवरं खातात, आपल्या खाड्यांत असतात तीच. पुळ्याचा उंट त्या घराण्यातला नसणार. आणि पुळ्याच्या समुद्रात पट्टीचे पोहणारे बुडालेत. पैज रद्द करा, मुक्या जनावराला त्यात ओढू नका.

राहिलं बिल. मास्तर म्हणतात मी द्यायचं कारण नाही, बाकीचे म्हणतात मास्तरांनीच द्यावं. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली : ‘खरं तर मला चरबीच वाटत होतं.’ मग लिहिलंत का? समोर मास्तर होते म्हणून? शाळा सुटून पंचेचाळीस वर्षं झाली असतील तुमची. तांडेलालाही त्या रात्री पोटातली टाकी आठवली नाही, ती दुसऱ्या दिवशी आठवली. बँकवाला बिल येईपर्यंत गप्प होता. चौघांचे ४६० रुपये प्रत्येकी. मास्तरांचे ४६० तुम्ही भरा, पेन तुमच्या हातात होतं; आणि मास्तरांनी तांडेलाकडे बशी सरकवावी.