पाच एकर, तीनशे कुटुंबं: चार मजली इमारती की वाढती घरं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावाला लागून तुमच्या संस्थेला ५ एकर जागा मिळते आहे. जवळजवळ ३०० कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत आणि पत्र्याच्या घरांत राहतात. लूम, बांधकाम, धुणीभांडी, हातगाडी अशी कामं, घरटी कमाई महिना १५,००० च्या आसपास आणि तीही खालीवर होणारी. आर्किटेक्ट म्हणतात तळमजला अधिक तीन अशा इमारती करा, सदस्य म्हणतात प्लॉट द्या. काय करावं?

माझं मत आधी सांगतो. अशा जागेवर लहान प्लॉट आणि त्यावर वाढवता येणारं घर करा. एक कुटुंब पैसे साठवून खोली वाढवू शकतं, फरशी बसवू शकतं, वर मजला चढवू शकतं. गटाराचा उतार, पायाची ताकद, पाण्याची लाइन आणि सातबाऱ्याची भानगड मात्र त्याला एकट्याला सोडवता येत नाही. म्हणून संस्थेचा पैसा आणि डोकं या चार गोष्टींत जावं.

हे काही नवीन नाही. इंदूरला १९८०च्या दशकात विकास प्राधिकरणाने वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींकडून अरण्य वसाहत आखून घेतली. सुमारे ८५ हेक्टर, ६,५०० च्या घरात प्लॉट, सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौ.मी.चा. गरिबांना जोतं, संडास-मोरी आणि एखादी खोली, पुढचं ज्याचं त्याने. मोठे प्लॉट विकून आलेल्या पैशातून लहान प्लॉटचा भार हलका केला. त्याच दशकात नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ४५ ते ७५ चौ.मी.च्या प्लॉटवर सात-सात घरांचे पुंजके केले आणि प्रत्येक पुंजक्याला ८ × ८ मीटरचं अंगण दिलं. चिलीत इकिके शहरात २००४ मध्ये तर अर्धंच घर बांधून दिलं: साधारण ३६ चौ.मी. तयार, तेवढीच जागा पुढे भरायला मोकळी.

आता तुमच्या ५ एकरांचा हिशोब. ५ एकर म्हणजे २०,२०० चौ.मी. रस्ते आणि गल्ल्या २५ टक्के, मोकळी जागा १०, बालवाडी-टाकी-समाजमंदिर ५ टक्के. उरले ६० टक्के, म्हणजे विकण्यासारखी १२,००० चौ.मी. त्यात ३५ चौ.मी.चे २४० प्लॉट, ६० चे ३६, ९० चे १० आणि मोठ्या रस्त्यावर २० चौ.मी.चे २४ दुकानगाळे बसतात. घरं झाली २८६.

समजा जागा ३ कोटींची आणि रस्ते, पाणी, गटार, वीज धरून विकासखर्च आणखी ३ कोटी. सरसकट दर येतो ५,००० रुपये चौ.मी. तो सगळ्यांना सारखा लावला तर लहान प्लॉट पावणेदोन लाखांचा होतो. त्याऐवजी लहान प्लॉटला ३,००० लावा (१ लाख ५ हजार), ६० आणि ९० च्या प्लॉटना ८,०००, आणि गाळ्यांना २१,५००. बेरीज पुन्हा ६ कोटीच होते. म्हणजे २४ गाळे नि ४६ मोठे प्लॉट मिळून २४० कुटुंबांचे प्रत्येकी ७० हजार वाचवतात. तुमच्या गावातले खरे दर घालून हेच गणित पुन्हा मांडा. पण गाळे आधी स्वस्तात वाटून टाकू नका. रस्ता आणि वीज आल्यावर लिलाव करा. बऱ्याच योजनांचा तोटा नेमका या घाईत होतो.

प्लॉटचं माप ठरवताना क्षेत्रफळाइतकंच तोंड, म्हणजे गल्लीकडची रुंदी, महत्त्वाचं. पाइप, गटार, फरसबंदी, विजेचे खांब या सगळ्यांचा खर्च घराच्या रुंदीवर चढतो. ३५ चौ.मी.चा प्लॉट ५ × ७ केला आणि घरं गल्लीच्या दोन्ही बाजूंना असली, तर २४० घरांना ६०० मीटर गल्ली लागते. तोच ४ × ८.७५ केला की ४८० मीटर. १२० मीटर पाइप-फरसबंदी वाचली, आणि गल्ली साडेचार मीटर रुंद धरली तर ५४० चौ.मी. जागाही, म्हणजे आणखी १५ प्लॉट. मग ३ मीटरच का नको? कारण सामायिक भिंती वजा जाता खोली पावणेतीन मीटरची उरते, जिना घातला की खाट मावत नाही आणि मधली खोली दिवसाही अंधारी. ४ मीटर हा माझ्या मते तळाचा आकडा. मागे दीड मीटर आणि पुढे एक मीटर ओट्यासाठी सोडा. मागची जागा लोक नंतर झाकतात, म्हणून मंजूर नकाशातच तिथे जाळीचं छत दाखवा आणि स्वयंपाकाची खिडकी तिकडे काढा. ज्या खिडकीतून आपलाच धूर जातो, ती सहसा कोणी बुजवत नाही.

गटाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वसाहती इथेच बिघडतात. दोन रांगांच्या पाठीमागे बोळ ठेवून त्यातून मैलागटार नेण्याची जुनी पद्धत आहे. करू नका. तिकडे कोणाचं तोंड नाही, म्हणून कचरा तिथेच पडतो, मग कोणीतरी पत्रा टाकून बोळ बंद करतं आणि तुंबलेलं चेंबर सापडत नाही. गटार पुढच्या गल्लीतूनच न्या. त्यासाठी संडास-मोरी पुढच्या बाजूला, शेजारच्या घराच्या संडासाला भिंत लावून घ्या, म्हणजे दोन घरांत एक चेंबर पुरतं. दारापाशी संडास नको, ही बायकांची हरकत रास्त असते. दार प्लॉटच्या एका कडेला आणि संडास दुसऱ्या कडेला, मध्ये ओटा, असं केलं की बहुतेक ठिकाणी पटतं. संडास मागे ठेवायचाच हट्ट असेल तर घराच्या फरशीखालून आठ मीटर पाइप जातो, आणि तुंबला की फरशी फोडावी लागते, हे त्यांना आधीच सांगा.

घरातून येणारा पाइप १०० मि.मी., गल्लीतला १५० मि.मी. १५० च्या पाइपला शंभरास एक उतार धरा. ८० मीटर गल्लीत पाइप ८० सें.मी. खाली जातो. सुरुवातीला ६० सें.मी. खोल असेल तर शेवटी १ मीटर ४० सें.मी. म्हणून गल्ल्या जमिनीच्या उताराच्या दिशेने आखा. नकाशा सुंदर दिसावा म्हणून गल्ल्या आडव्या टाकल्या तर खोदाई दुप्पट होते, नाहीतर ठेकेदार गुपचूप उतार कमी करतो आणि पहिल्याच वर्षी मैला बसायला लागतो. माती टाकण्याआधी प्रत्येक दोन चेंबरमधला उतार लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा. ते काम गल्लीतल्याच चार जणांना शिकवा. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पाने हेच दाखवलं: घरातला संडास आणि गल्लीतलं गटार लोकांनी स्वतःच्या पैशाने, वीस-तीस घरांच्या गटाने बांधलं, आणि पुढची मोठी वाहिनी सरकारने घ्यावी अशी वाटणी केली. पैसा ज्यांचा, देखरेख त्यांची.

पावसाचं पाणी मैल्याच्या पाइपात अजिबात सोडू नका. गल्लीची फरसबंदीच मधोमध खोलगट ठेवा, पाणी वरून वाहू द्या. जोतं गल्लीपेक्षा किमान ४५ सें.मी. उंच हवं. पुढे दर वेळी जुन्यावर नवीन काँक्रीट ओततात, दोन-तीन थर झाले की पाणी घरात. जुना थर खरवडल्याशिवाय नवीन नाही, हे सोसायटीच्या नियमातच लिहून ठेवा.

नगरपालिकेचं मैलागटार जवळ नसेल तर वीसेक घरांत एक सेप्टिक टँक आणि त्याच्याजवळ उपसा गाडी पोचेल असा साडेतीन मीटर तरी मोकळा रस्ता. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, पाणी मुरतच नाही. तिथे टँकचं पाणी एकत्र करून रीडबेडसारखी (खडीत वाढवलेल्या बोरूसारख्या पाणवनस्पतींतून पाणी गाळणारी) शुद्धीकरणाची जागा उताराच्या टोकाला राखून ठेवा.

पाणी माणशी १३५ लिटर धरलं तर २८६ घरांना, घरटी साडेचार माणसं, दिवसाला पावणेदोन लाख लिटर लागतं. तुमच्याकडे दिवसाआड पाणी येत असेल तर साठवण साडेतीन लाखांची हवी. ही टाकी अंदाजपत्रकातून हमखास गळते.

पाया. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदा, वर जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा, दाराच्या चौकटीवर दुसरा. नऊ इंची विटांचं भारवाही (वजन भिंतींवरच पेलणारं) बांधकाम दोन मजल्यांना पुरतं. आज एकच खोली बांधायची असली तरी पाया दोन मजल्यांचाच घाला. इथे वाचवलेले पंधरा-वीस हजार पुढे जिवावर येतात, कारण मजला चढणारच आहे, तुम्ही मना करा अगर करू नका. जिन्याची जागाही आजच ठरवा. नाहीतर प्रत्येक जण गल्लीत लोखंडी जिना काढतो आणि साडेचार मीटरची गल्ली तीनची होते. पुढच्या मजल्यासाठी सळ्या मोकळ्या ठेवायच्या असतील तर त्यांना सिमेंटची रबडी लावून वर कच्चं काँक्रीट घाला. उघड्या सळ्या चार पावसाळ्यांत गंजतात.

कुटुंबाच्या खिशाकडे येतो. १५,००० कमाईतून ३,००० चा हप्ता हीच मर्यादा धरा. पगारपत्रक नसलेल्यांना साधारण १२ टक्क्यांनी कर्ज मिळतं असं धरलं तर १५ वर्षांसाठी लाखाला १,२०० हप्ता पडतो, म्हणजे कर्ज अडीच लाख. पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचे एक असे अडीच लाख मिळतात, पण चटई क्षेत्र (भिंती सोडून आतली वापरायची जागा) किमान ३० चौ.मी. हवं. म्हणजे भिंती धरून खाली-वर मिळून ३५ चौ.मी. बांधकाम. साध्या कामाचा दर १४,००० धरला तर ४ लाख ९० हजार. त्यात प्लॉटचे १ लाख ५ हजार. एकूण ५ लाख ९५ हजार. अनुदान आणि कर्ज मिळून ५ लाख. उरले ९५ हजार.

हे ९५ हजार कुठून येणार, याचं उत्तर पायाभरणीआधी मिळायला हवं. बचत गटातून दोन वर्षं आधी सुरू केलेली महिना १,५०० ची बचत ३६ हजार देते. जुनी दारं, खिडक्या, पत्रे आणि स्वतःची मजुरी यातून आणखी काही. विटा-सिमेंट संस्थेने एकत्र घेतलं तर थोडी बचत. दुसरी अडचण अशी की अनुदान टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर येतं. जोतं पूर्ण झाल्याचा फोटो चढतो आणि पैसे यायला महिने लागतात. तेवढ्यात कुटुंब सावकाराकडे जातं. संस्थेने २०-२५ घरांपुरता फिरता निधी ठेवला आणि एका वेळी तेवढीच घरं काढली, तर हे टळतं. बांधकाम चालू असताना घरभाडंही चालूच असतं, म्हणून आधी एक खोली आणि संडास पूर्ण करून राहायला जाऊ द्या, वरचा भाग नंतर. नकाशा मात्र पहिल्यापासून पूर्ण ३० चौ.मी.चा मंजूर करून घ्या, नाहीतर शेवटचा हप्ता अडकतो.

जागा गावाला लागून आहे म्हटलंत, ते खरंच चालत जाण्याइतकं आहे का ते बघा. कामावर जायला माणशी रोज ५० रुपये लागले तर दोन कमावत्यांचे महिन्याला २,५०० जातात. म्हणजे जवळजवळ घराच्या हप्त्याइतका दुसरा हप्ता. मेक्सिकोत शहराबाहेर दूर बांधलेली लाखो घरं लोक अशाच कारणांनी सोडून गेले.

मग इमारती कधी? जागा फार महाग असेल, किंवा लोक आत्ता राहतात त्याच दाट वस्तीत त्यांना ठेवायचं असेल तेव्हा. तेव्हाही लिफ्ट लागणार नाही इतकीच उंची ठेवा, कारण लिफ्ट आणि पंपाचा महिन्याचा खर्च थकला की आधी पाणी बंद होतं. दोन इमारतींमधलं अंतर कमी करू नका. गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर ठेवल्याने खालच्या घरांत ऊन-वारा येत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी या कोंदटपणाशी जोडला आहे. शिलाई, पापड, भंगार वेचणं, हातगाडी अशी कामं तिसऱ्या मजल्यावर होत नाहीत, हेही मोजा.

घर विकलं जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. इंदूरच्या अरण्यमधली नमुन्यादाखल बांधलेली ८० घरंसुद्धा शेवटी बऱ्या स्थितीतल्या लोकांकडे गेली. नुसत्या बंदीने विक्री थांबत नाही, ती स्टॅम्प पेपरवर चोरून होते आणि विकणाऱ्याला भाव कमी मिळतो. त्यापेक्षा पहिली दहा वर्षं विकायचं झालं तर ठरलेल्या दराने सोसायटीलाच, असा करार करा आणि त्यासाठी थोडा निधी बाजूला ठेवा. मालकी नवरा-बायको दोघांच्या नावे. आणि वाटप एकेकट्याच्या चिठ्ठीने न करता आधी आठ-दहा कुटुंबांना आपापला गट करू द्या, मग गटांची चिठ्ठी टाका. अंगण कोणाचं आणि चेंबर कोण उघडणार हे भांडण निम्मं तिथेच मिटतं.

आर्किटेक्टला पुढचा नकाशा काढायला सांगण्याआधी दोन कामं करून घ्या: अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांसह (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जागेची मोजणी, आणि चार-पाच ठिकाणी दोन-दोन मीटरचे खड्डे. खड्ड्यांत मुरूम किती खोल लागला आणि जमीन कुठल्या कोपऱ्याकडे उतरते, एवढं मला कळवा. मग गल्ल्यांची दिशा आणि पायाचा खर्च यावर नेमकं बोलता येईल.