प्रवासात अडकलेल्या पोरांना एकेक करून मारणारा सिनेमा पाहताना लोक हसतात, मरणाऱ्याला मूर्ख म्हणतात. या प्रेक्षकांना माणुसकी उरली नाही का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत रात्रीच्या शोला असा सिनेमा पाहायला गेलात. गाडी बंद पडलेली पोरं जंगलात मारली जात होती आणि मागच्या रांगेतली मुलं हसत होती, "जा आत, मर" म्हणून ओरडत होती. तुम्ही मध्यंतरातच उठून आलात. तुमचा राग मला पूर्ण कळतो. तरीही ती मुलं निर्दयी होती असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

मी साताऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात शाहूपुरीत मामाच्या घरी, माडीवरच्या खोलीत, आम्ही आठ-नऊ जणांनी 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' पाहिला. प्रोजेक्टर मित्राचा, पडदा म्हणजे मामीची पांढरी चादर. बाहेर पावसाची झड लागलेली. (पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

सिनेमा 1974 चा, दिग्दर्शक टोब हूपर. पाच तरुण व्हॅन घेऊन टेक्ससच्या आडबाजूला जातात. पेट्रोल संपत आलेलं असतं आणि वाटेतल्या पंपावर पेट्रोल नसतं. त्यातल्या दोघांना जवळच्या एका घराकडून जनरेटरचा आवाज ऐकू येतो. थोडं पेट्रोल मिळेल म्हणून दोघं तिकडे जातात. मुलगा हाका मारत आत शिरतो. दारात मुखवटा घातलेला माणूस येतो, हातोड्याचा घाव घालतो, पोराचे पाय झाडले जातात आणि लोखंडी दार धाडकन ओढून घेतलं जातं. काही सेकंदांत सगळं संपतं.

आमच्या खोलीत क्षणभर कुणाचा श्वासही ऐकू आला नाही. मग सगळे एकदम हसलो. मीसुद्धा. शेजारी बसलेला मित्र तर सगळ्यात मोठ्यानं हसला. थोड्या वेळानं कुणीतरी दिवा लावला तेव्हा त्याचा हात पाहिला. भडंग खाता खाता त्याची मूठ मिटली होती ती उघडलीच नव्हती. तळहातावर कुरमुऱ्यांचा नुसता चुरा, आणि तेल-तिखट मनगटापर्यंत ओघळलेलं. तोंड हसत होतं आणि हात घाबरला होता. तुमच्या मागच्या रांगेतल्या मुलांचे हात त्या वेळी काय करत होते, ते अंधारात तुम्हाला दिसलं नसणार.

आता "मूर्ख आहेत साले, कशाला गेले आत?" याबद्दल. आमच्याकडेही हे पाच-सहा वेळा झालं. पोरगी मित्राला शोधत त्याच घरात गेली, तेव्हा मामेबहीण चिडून म्हणाली, "हिला अक्कल नाही का?" मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण मला चाळकेवाडीची रात्र आठवली.

कॉलेजला असताना जुलैमध्ये मी आणि एक मित्र ठोसेघरचा धबधबा बघून तसेच वर पठारावर पवनचक्क्या पाहायला गेलो होतो. परत फिरेपर्यंत अंधार पडला, धुकं उतरलं आणि गाडीतलं पेट्रोल संपलं. चूक आमचीच, निघताना टाकी बघितली नव्हती. मोबाईलला रेंज नाही. हेडलाइट बंद केल्यावर तर स्वतःचे हातही दिसेनात. डोक्यावर पवनचक्कीचं पातं फिरायचं, भुस्स, भुस्स, पण ते नेमकं कुठे आहे ते कळायचं नाही. अर्ध्या तासानं लांब एक पिवळा दिवा दिसला आणि आम्ही दोघं एक शब्दही न बोलता त्या दिव्याकडे चालायला लागलो. घर कुणाचं, आत कोण, हा विचारच मनाला शिवला नाही. भिजलेल्या, अडकलेल्या माणसाला दिवा दिसला की तो चालू लागतो, त्यात अकलेचा काही संबंध नसतो. कुत्रं भुंकलं, आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण हाय रं?" त्यानं चुलीपाशी बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. आणि नातवाच्या गाडीतून नळीनं पेट्रोल काढून पाण्याच्या बाटलीत भरून दिलं. पैसे घेतले नाहीत.

सिनेमातली पोरं जनरेटरच्या आवाजाकडे जातात आणि आम्ही दिव्याकडे गेलो, यात फरक फक्त नशिबाचा. हाच फरक खुर्चीत बसलेल्या माणसाला सहन होत नाही. मरणारा मूर्ख ठरला की आपण सुटलो, कारण आपण काही मूर्ख नाही. प्रेक्षक शिव्या देतो ती स्वतःची समजूत काढायला. मामेबहिणीला नंतर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला भीतीच वाटली होती म्हण की." मी म्हटलं, हो.

पण एक गोष्ट मात्र मलाही खटकते. पुढचा कोण मरणार यावर पैज लावणं. त्या पाचांत फ्रँकलिन नावाचा चाकाच्या खुर्चीतला मुलगा आहे. कुरकुऱ्या, सतत बोलणारा. बहुतेक प्रेक्षकांना तो नकोसा होतो, आमच्यातही एकानं "आता ह्याचा नंबर" म्हणून पन्नास रुपये काढले. त्या वेळी आमचा एक भाऊ पायात रॉड घालून पलंगावर होता, खंबाटकी घाटातल्या अपघातानंतर तीन महिने. तो म्हणाला, "जुन्या घरात सगळे हसत वर गेले. हा एकटा खाली. ह्याला कुणी वर नेलं नाही, ते बघितलं का कुणी?" पन्नासची नोट परत खिशात गेली. मी आधी दोनदा हा सिनेमा पाहिला होता, पण त्या जिन्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

हिंसा किती दाखवतात हाही तुमचा मुद्दा होता. या सिनेमापुरतं बोलायचं तर रक्त फार थोडं दिसतं. हूपरला लहान मुलांनाही पालकांबरोबर पाहता येईल असं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून त्यानं हात राखला. तरीही ते मिळालं नाही, आणि ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरनं 1999 पर्यंत तो अडवून ठेवला. मुलीला मांसाच्या आकड्याला टांगतात त्या प्रसंगावरून आमच्यात भांडण झालं. तिघांनी शपथेवर सांगितलं की आकडा पाठीत घुसताना दिसला. मागे नेऊन पाहिलं, तर नाही दिसत. ते प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यात पाहिलं होतं. ज्याला समोरच्याच्या पाठीतली कळ अशी स्वतः जाणवते, त्याला माणुसकी नाही असं मी तरी म्हणणार नाही. सुरुवातीला पडद्यावर ही सत्य घटना असल्याचं सांगतात, ते मात्र खरं नाही. गोष्ट रचलेली आहे. विस्कॉन्सिनमध्ये 1957 मध्ये पकडलेल्या एड गीन नावाच्या खुन्यावरून थोड्या कल्पना घेतल्या, एवढंच.

मामी जेवायला बोलवायला वर आली होती. भाकरी गार व्हायला लागल्या म्हणून दारातूनच ओरडली, आणि पडद्याकडे बघत तिथंच उंबऱ्यावर टेकली. शेवटी उरलेल्या मुलीला, सॅलीला, त्या घरातलं खुनी कुटुंब जेवणाच्या टेबलापाशी बांधून बसवतं. मामी हळूच म्हणाली, "हिच्या आईला कुणी कळवलं का रं?" कुणी हसलं नाही.

मग पहाट होते. सॅली खिडकीची काच फोडून रस्त्यावर येते. एक ट्रकवाला थांबतो, तिला आत घेतो, तो मुखवटेवाला यांत्रिक करवतीनं दार कापायला लागल्यावर तिच्यासकट दुसऱ्या बाजूनं उतरतो आणि पाना फेकून मारतो. तेवढ्यात एक पिकअप येते, सॅली मागे चढते आणि गाडी निघते. रक्तानं माखलेली ती मुलगी हसायला लागते. किंचाळत, रडत, न थांबता हसते. खोलीत त्या वेळी एकही माणूस हसत नव्हता. तुम्ही शेवटपर्यंत थांबायला हवं होतं असं मला वाटतं ते यासाठी. मागच्या रांगेचा आवाज शेवटी कसा होतो ते कळलं असतं.

मामा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं मेढा, बामणोली, महाबळेश्वर अशा गाड्या चालवल्या. सगळा वेळ कोपऱ्यात एक शब्द न बोलता बसला होता. दिवा लावल्यावर म्हणाला, "आरं, त्यो ट्रकवाला थांबला की. आडरानात, रक्तानं भरल्याली पोरगी बघून थांबला त्यो. मग त्याचं काय झालं?"

मागे नेऊन पाहिलं. ट्रकवाला रस्त्यानं पळत जाताना दिसतो. मग कॅमेरा सॅलीकडे वळतो आणि तो पुन्हा दिसत नाही. मी म्हटलं, "दाखवलं नाही मामा."

सकाळी चहाला खाली आलो तर मामा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "पिकअपवाल्यानं पुढं जाऊन घेतला आसंल त्याला. मोकळीच व्हती मागनं गाडी."