हजेरी कमी, आदर्श फ्रेमाँट

प्रश्न : मी भूगोल घेऊन एस.वाय.बी.ए.ला आहे. ट्रेक लीडर म्हणून सतत बाहेर असतो. हजेरी ५० टक्क्यांच्या खाली गेली आणि कॉलेजचं पत्र थेट घरी आलं. बाबा म्हणतात, ट्रेकिंग बंद. नुकतंच मी जॉन चार्ल्स फ्रेमाँट या अमेरिकन शोधप्रवाशाचं चरित्र वाचलं. त्यालाही कॉलेजने गैरहजेरीसाठी काढलं होतं, तरी तो सिनेटर झाला, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला. मलाही पुढे राजकारणात जायचंय. मग पदवीसाठी आणखी वर्षं का घालवू?

उत्तर : चरित्र वाचलंस हे उत्तम, पण सोयीचं वाक्य सापडलं तिथेच खूण घालून थांबलास असं दिसतंय.

१८३१ मध्ये चार्ल्सटनच्या कॉलेजने फ्रेमाँटला काढलं हे खरं. पदवीला काही महिनेच उरले होते आणि कारण तुझंच, वर्गात न दिसणं. पण तोवर त्याचं गणित पक्कं झालं होतं. खगोलशास्त्राचं एक डच पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं. भाषा ओ की ठो कळत नव्हती, तरी त्यातले ताऱ्यांचे नकाशे आणि सोडवलेली गणितं बघत तो अक्षांश काढायला शिकला. पुढे १८३३ मध्ये नेचेझ या युद्धनौकेवर नोकरी मिळाली, तीही गणित शिकवण्याची. चार्ल्सटनचे वजनदार राजकारणी जोएल पॉइनसेट पाठीशी होते, हे खरंच. पण पाठीशी उभं राहणाऱ्यालाही पुढे करायला काहीतरी लागतं. आणि हो, १८३६ मध्ये त्याच कॉलेजने त्याला बी.ए. दिली. हे पान बाबांनाही वाचायला दे.

त्याचं खरं शिक्षण त्यानंतरचं. आधी रेल्वेमार्गाचं सर्वेक्षण, मग १८३८ पासून जोसेफ निकोलेट या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हाताखाली मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांमधल्या प्रदेशाची मोजणी. रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे, दिवसा बॅरोमीटरवरून उंची काढायची. हे काम अंगात किती मुरलं होतं ते १८४२ च्या मोहिमेत दिसतं. विंड रिव्हर पर्वताच्या पायथ्याशी बॅरोमीटरची काच फुटली. कंपनीला कळवून नवीन मागवायची सोय नव्हतीच. त्याने आधी काचेच्या बाटल्या कापून बघितल्या, त्या तडकल्या. मग बंदुकीची दारू ठेवायचं शिंग उकळलं, आरपार दिसेपर्यंत खरवडलं आणि सरसाने नळीला जोडलं. तो बॅरोमीटर घेऊन शिखर चढला आणि उंची मांडली १३,५७० फूट. आजच्या मापाने ती साधारण १३,७५० आहे. (हे रॉकीजमधलं सर्वांत उंच शिखर, असंही त्याने ठरवून टाकलं. ते साफ चुकलं.)

नकाशे चार्ल्स प्रॉइस या जर्मन माणसाने काढले, वाट किट कार्सनने दाखवली. अहवाल लिहायला बसलं की फ्रेमाँटचं डोकं दुखायचं. तो सांगायचा आणि बायको जेसी लिहायची. १८४५ मध्ये सिनेटने त्या अहवालाच्या १०,००० प्रती छापायला सांगितल्या. त्याला मोठं केलं ते या कागदांनी.

आता पुढची पानं. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या तुकडीने सॅक्रामेंटो नदीकाठी स्थानिक आदिवासींची बायकापोरांसह कत्तल केली. तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही. आदर्श निवडायचा तर हेही वाचून निवड. १८४८ मध्ये वरिष्ठांचा हुकूम न मानल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी बडतर्फी माफ केली, तरी रागाने याने राजीनामा दिला. त्याच हिवाळ्यात रेल्वेची वाट शोधायला ३३ जणांना घेऊन तो रॉकीजमधल्या सॅन वान पर्वतात शिरला. बर्फ साचलेलं, खेचरं मरायला लागली, तरी मागे फिरायचा निर्णय फार उशिरा घेतला. १० माणसं गेली. तू पोरांना घेऊन पावसाळ्यात डोंगरात जातोस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

राजकारणाचं म्हणशील, तर सिनेटची कारकीर्द जेमतेम सहा महिन्यांची. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला उमेदवार झाला आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात १७४ विरुद्ध ११४ मतांनी ब्यूकॅननकडून हरला. १८६१ मध्ये यादवी युद्धात पुन्हा लष्करात आला आणि मिसुरीत बंडखोर दक्षिणवाद्यांच्या गुलामांना मुक्त करण्याचं फर्मान लिंकनना न विचारता काढलं. फर्मानाचा हेतू मला पटतो, पण लिंकननी ते बदललं आणि काही आठवड्यांत याला हटवलं. सोन्याच्या खाणीचा पैसा रेल्वेच्या धंद्यात बुडाला आणि उतारवयात घर चालायला जेसीच्या लेखणीचा आधार लागला.

तुझ्यापुरतं बोलू. आमदारकीला कायद्याने पदवी लागत नाही, हे मी लपवणार नाही. पण निवडून येईपर्यंत पोट कशावर भरणार? यूपीएससी आणि राज्यसेवेला पदवी लागतेच. भूकरमापक व्हायचं डोक्यात असेल तर जाहिरातीतली अट आधी वाच. तिथे सिव्हिलची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड बघतात, भूगोलाची बी.ए. पुरत नाही. तुझ्या पदवीला जवळची वाट जिओइन्फॉर्मेटिक्सची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या शास्त्राची आहे. बी.ए.वर प्रवेश देतात का, हे विद्यापीठागणिक बदलतं, तेवढं विचारून घे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था रिमोट सेन्सिंगचे (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) मोफत ऑनलाइन कोर्स घेते, त्यातला एक याच सत्रात कर. ट्रेकिंगच पेशा करायचा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स सुट्टीत कर. नुसत्या अनुभवावर लोकांची पोरं नेऊ नकोस.

या आठवड्यात प्राचार्यांना हजेरीबद्दल लेखी अर्ज दे आणि सत्र संपेपर्यंत ट्रेक फक्त रविवारी ठेव. नेहमीच्या एखाद्या गडाच्या वाटेचा जीपीएस ट्रॅक घे, पाण्याची टाकी आणि घसाऱ्याच्या जागा टिपून क्यूजीआयएसमध्ये नकाशा कर. सॉफ्टवेअर फुकट आहे. तो विभागप्रमुखांना दाखव आणि प्रकल्प म्हणून घेतील का, विचार. बाबांशी ट्रेकिंगचा विषय त्यानंतर काढ, आधी नको.