बेतूलचा करार आणि आपला सिलिंडर

प्रश्न: २०२४ मधे आमच्या गोव्यात बेतूलला एनर्जी वीक, म्हणजे ऊर्जेवरचं मोठं संमेलन झालं तेव्हा कतारशी गॅसचा मोठा करार झाला म्हणे. त्याचा आमच्या सिलिंडरशी काय संबंध? आणि नुसता गॅस घ्यायला एवढी मैत्री कशाला जपावी लागते?
– एक गृहिणी, केपे

उत्तर: ताई, आधी एक गोंधळ दूर करते. सिलिंडर हलवला की आत डुचमळतं ते एलपीजी, आणि बेतूलला करार झाला तो एलएनजीचा, म्हणजे उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करून जहाजात भरलेला गॅस, जो पुढे खत कारखान्यांना जातो, सीएनजी पंपावर जातो. ६ फेब्रुवारी २०२४ ला ठरलं की २०२८ पासून २० वर्षं, दरवर्षी ७५ लाख टन. पण आपण बाहेरून आणतो तो एलपीजीही बहुतेक आखातातूनच, इराणजवळच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो, त्यामुळे तिकडे जरा काही पेटलं की काळजी आपल्या स्वयंपाकघरात येते. मग मैत्री जपायला नको? आणि नुसती मैत्री पुरत नाही हेही बघा, इराण एवढा जवळ, तेल परवडणारं, तरी इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने आपल्याला दिलेली सवलत मे २०१९ मधे संपली आणि आपण ते घेणं थांबवलं.

मला स्वतःला मात्र नेपाळची गोष्ट जास्त मोलाची वाटते. पावसाळ्यात तिथल्या नद्या भरून वाहतात तेव्हा वीज उरते, हिवाळ्यात तेच आपल्याकडून घेतात. बांगलादेशला नेपाळची ही वीज हवी होती पण मधे आपला सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा, आपल्या तारांशिवाय ती जाणार कशी? शेवटी ऑक्टोबर २०२४ मधे तिघांनी मिळून करार केला, फक्त ४० मेगावॅटचा, पण रस्ता तर उघडला. गोव्यात स्वतःची वीज जवळपास नाहीच, सगळी बाहेरून तारांवरून येते, तेव्हा तार दुसऱ्याच्या हातात असली की कसं वाटतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. नेपाळच्या ज्या प्रकल्पात चीनचा हात आहे तिथली वीज आपण घेत नाही. सुरक्षेची काळजी समजू शकते हो, पण धरण बांधून बसलेल्या त्या माणसांना दुसरं मोठं गिऱ्हाईक आहे कुठे?